छायाचित्रांचं डिजिटल प्रकाशन: हौस परवडेल की धंदा जमेल?

सडेकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायचं धाडस करतोय.

मी रत्नागिरीचा. पावसाळ्यात आमच्या कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कॅमेरा घेऊन लोळत असतो. अक्षरशः लोळतो, कारण सीतेची आसवं काय किंवा दवबिंदू काय, ही इवलीशी रानझाडं वीतभरही उंच नसतात. ओळखपुस्तकात छापतात तसे स्वच्छ, देठापासून पाकळीपर्यंत फोकसमधले फोटो मी काढत नाही. जुनी 50 मिमीची लेन्स उलटी लावणे, एकाच चौकटीत दोन-तीन एक्स्पोजर घेणे, ओल्या प्लास्टिकच्या कागदाआडून बघणे, शटर उघडं ठेवून कॅमेरा हलवणे असले उद्योग चालतात. बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती प्रत्येक फोटोबरोबर दोन-चार परिच्छेद लिहिते, आणि खरं सांगायचं तर लोक तेच जास्त वाचतात.

डोक्यात असं आहे की ऋतूमागे एक असे वर्षाला चार अंक काढायचे. फक्त डिजिटल, पीडीएफ, चाळीसेक पानं, किंमत 99 रुपये. छापील नाही, कारण आर्ट पेपरवरच्या रंगीत छपाईचे दर विचारून आलो आणि गप्प बसलो.

प्रश्न असे:
मराठीत फोटोंसाठी कोणी पैसे देतं का? विकायचं कुठे? एकाने घेऊन पन्नास जणांना फॉरवर्ड केलं तर? आणि कायदेशीर, कराचं वगैरे काय? घरातून एकच सल्ला मिळतोय, "इन्स्टावर टाक आणि मोकळा हो."

चहाटळ

वीजबिल निघेल. फक्त ते पावसाळ्यातलं असावं आणि पंखा बंद असावा.

निवांत_नाना

धागाकर्त्याचा राग मानू नका, पण शटर उघडं ठेवून कॅमेरा हलवायचा ही कला कधीपासून झाली? आमच्या वेळी असे हललेले फोटो लॅबवाला बाजूला काढून ठेवायचा आणि त्यांचे पैसेही लावायचा नाही. आता त्याचे 99 रुपये?

उलटी_लेन्स

नाना :) हलवायचाही रियाज असतो हो. पाव सेकंद ते एक सेकंद शटर, भर दिवसा असेल तर पुढे प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, आणि हालचाल कुठल्या दिशेने करायची ते आधी ठरवलेलं. वाऱ्यात डोलणाऱ्या तेरड्याचा पट्टा असा टिपला की गुलाबी रंगाचे फटकारेच उरतात. दहातले नऊ फोटो टाकाऊच निघतात, तेवढं तुमच्या लॅबवाल्याचं बरोबर.

सडेकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नुसत्या फोटोसाठी कोणी पैसे देत नाही. मी बरीच वर्षं स्टॉकच्या, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या, साइटांवर फोटो टाकते. शटरस्टॉकने जून 2020 मध्ये दर बदलले. तेव्हापासून छायाचित्रकाराचा वाटा 15 ते 40 टक्के, आणि दर जानेवारीला पुन्हा तळातल्या पायरीवरून सुरुवात. एका डाउनलोडचे 10 सेंट हा प्रकारही तिथे नेहमीचाच. एक सुटा फोटो ही वस्तू म्हणून आता जवळजवळ फुकट झाली आहे, हे एकदा मान्य करून टाकलं की बाकीचे निर्णय सोपे जातात.

मी पावसाळी मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंवर, एक छोटं ई-पुस्तक केलं होतं. फोटोंचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण विकत घेतलं ते शेवटच्या भागासाठी. फोटो कसा काढला, प्रकाश कुठून होता, उलट्या लेन्सला छिद्र किती ठेवलं, छत्री कोणी धरली. लोकांना ते करून बघायचं असतं. तुमच्याकडे त्याच्या जोडीला वनस्पतिशास्त्र आहे. घरातच लेखिका असणं हे भांडवल कॅमेऱ्यापेक्षा मोठं आहे.

फ्रेमपंडित

एक कटू सत्य. मी शिकवतो, म्हणून माहीत आहे. पैसा कार्यशाळेत आहे, प्रकाशनात नाही. एका शनिवार-रविवारच्या मॅक्रो कार्यशाळेत जे सुटतं ते चार अंकांत सुटणार नाही. अंक फुकट वाटा, शेवटच्या पानावर कार्यशाळेची जाहिरात टाका. प्रकाशन म्हणजे फार तर व्हिजिटिंग कार्ड.

उलटी_लेन्स

@फ्रेमपंडित, पंधरा जण ट्रायपॉड घेऊन एका सड्यावर उतरले की त्या सड्याचं काय होतं ते बघितलंय का कधी? दोन इंच मातीत उगवणाऱ्या झाडांबद्दल बोलतोय आपण. तिथे प्रकाशनच बरं. वाचक घरी बसून वाचतो, कोणाला तुडवत नाही.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणाला हवेत?

हिशेबनीस

मी सीए. थोडे आकडे मांडतो, कंटाळा आला तर पुढे जा.

स्वतः विकलंत तर पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के घेतो, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 99 रुपयांतले 2 रुपये 34 पैसे गेले, 96 रुपये 66 पैसे हातात. ओळखीपाळखीत थेट यूपीआयने घेतलेत तर तेही जात नाहीत. पण मग कोणी पैसे भरले, कोणाला फाइल पाठवली, याची वही रोज रात्री स्वतः भरायची.

आता किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकांचं दुकान. तिथे 70 टक्के आणि 35 टक्के असे दोन पर्याय आहेत. 70 वर उडी मारू नका. त्यात फाइलच्या आकारानुसार पोहोचवण्याचा खर्च कापतात, भारतात दर एमबीला 7 रुपये. कथा-कादंबरीची फाइल एक-दोन एमबीची, तिला काही वाटत नाही. तुमची फोटोंची फाइल 25 एमबीची झाली तर 175 रुपये तिथेच गेले. किंमत कर वगळून 249 ठेवली असं धरा. 70 च्या पर्यायात 249 वजा 175, म्हणजे 74 चे 70 टक्के: 51 रुपये 80 पैसे. 35 च्या पर्यायात हा खर्च कापत नाहीत, तिथे 87 रुपये 15 पैसे. कमी टक्केवारीत जास्त पैसे! शिवाय भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्याच योजनेत नाव घालावं लागतं. म्हणजे तीच डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही विकायची नाही, स्वतःच्या साइटवरही नाही.

जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही. त्या पुढे गेलात तर पेढे घेऊन माझ्याकडे या. तेव्हा एक गंमत लक्षात ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर 5 टक्के, 2018 पासून. छापील आवृत्तीच नसेल तर 18 टक्के. तुमचं सगळंच डिजिटल, म्हणजे 18 वाल्या रांगेत.

बोरू

हिशेबनीस, दंडवत. 35 टक्क्यांत जास्त पैसे हे वाचून दोनदा कॅल्क्युलेटर काढला.

अजून एक गोष्ट. किंडलची बहुतेक यंत्रं कृष्णधवल पडद्याची असतात. तेरड्याचा गुलाबी आणि गेंदाचा पांढरा तिथे करड्याच्या दोन छटा होतील. फोनवरच्या ॲपमध्ये रंग दिसतात हे खरं, पण विकत घेणाऱ्याला ते आधी सांगायला हवं. फोटोंसाठी हा मार्ग मला तरी पटत नाही.

निवांत_नाना

म्हणजे हललेले, आणि वर करडे.

खिळे_जुळारी

आयुष्य डीटीपीत गेलं, म्हणून तांत्रिक बाजूवर बोलतो.

40 पानी ए-4 पीडीएफ हे डोक्यातून काढून टाका. तुमचा वाचक फोनवर वाचणार आहे, बसमध्ये, एका हाताने. दोन रकान्यांचं ए-4 पान फोनवर उघडलं की तो चिमटीने मोठं करतो, एक ओळ वाचतो, पुन्हा लहान करतो आणि तिसऱ्या पानावर कंटाळतो. पान उभं ठेवा, 4 बाय 5 किंवा त्याहून निमुळतं. एका पानावर एकच फोटो, मजकूर पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात. 40 ची 70 पानं होतील. होऊ द्या, कागद लागत नाहीये.

आडवे फोटो हा खरा घोळ. उभ्या पानावर ते पट्टीएवढे दिसतात. मालिकेसाठी फोटो काढतानाच उभी चौकट धरायची सवय लावा.

मांडणीला फुकटात स्क्रायबस आहे. 1.6 आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरं व्यवस्थित बसतात, त्याआधीच्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत बसायची नाहीत. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. फॉन्ट युनिकोडच घ्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात केलेल्या पीडीएफमध्ये 'दवबिंदू' शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही, कारण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. मुक्त परवान्याचा मुक्ता उत्तम. मजकूर जास्त असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात आपल्या वळणाचे ल आणि श आहेत.

एडिसनची_वैनी

सडेकर, एक विनंती न्यू जर्सीतून. आमच्याकडून पैसे घ्यायची सोय करा हो! मराठी काही विकत घ्यायचं म्हटलं की यूपीआय विचारतात, नाहीतर भारतीय मोबाइल नंबरवर ओटीपी. पुण्यातल्या भाच्याला सांगून घ्यावं लागतं आणि त्याला आधीच आमची पुष्कळ कामं असतात.

माझे सासरे गणपतीपुळ्याजवळचे. त्यांना पावसातला सडा बघायला मिळाला तर दहा डॉलरही देईन. 99 रुपयांत मी कॉफीसुद्धा घेत नाही, आणि त्या कॉफीवर मराठीत काही लिहिलेलं नसतं.

हिशेबनीस

वैनींचा मुद्दा फार महत्त्वाचा. परदेशी कार्डं गेटवेकडे वेगळी चालू करून घ्यावी लागतात आणि त्यांचं शुल्कही जास्त असतं. पेपाल भारतात 1 एप्रिल 2021 पासून देशांतर्गत व्यवहारांसाठी बंद आहे, पण परदेशातून पैसे घ्यायला चालतं. परदेशी वाचकाला वेगळी किंमत ठेवा, लाजू नका.

वर्गणीबद्दल: दर अंकाला कार्डातून आपोआप पैसे वळते करायची भानगड नको. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम आहेत. आधी संमती, वसुलीच्या 24 तास आधी सूचना, हे सगळं तुमच्या आकाराच्या प्रकाशनाला झेपणारं नाही. वर्षाचे पैसे एकदाच घ्या, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

मालवणी_मसाला

सगळा बरा चल्लाहा, पण एक अंक तरी काढ रे बाबा आधी! अंक नाय, वाचक नाय, आणि जीएसटीची चर्चा? आमच्याकडे असल्याक बाजारात तुरी म्हणतत.

धुकं

मालवणी_मसाला +1

मला मात्र चोरीबद्दल विचारायचंय, कारण तो प्रश्न बाजूलाच पडला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दिवाळीला दिवाळी अंकांच्या पीडीएफ येतात. विकतचे! टाकणाऱ्याला वाटतं त्याने पुण्यकर्म केलं. 'धन्यवाद'चे हात जोडलेले चाळीस इमोजी पडतात.

बोरू

याची मुळं जुनी आहेत. मराठी वाचकाला पीडीएफ म्हणजे फुकट असंच वाटतं. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी लेखकांच्या संमतीने रीतसर फुकट ई-पुस्तकं देतात, ते चांगलंच आहे. पण वाचकाच्या मनात संमतीने दिलेली आणि ढापलेली यातला फरक पुसट झाला.

कुलूप लावायच्या भानगडीत पडू नका. पासवर्डही फॉरवर्ड होतो. प्रत्येक प्रतीच्या तळाला घेणाऱ्याचं नाव छापा. "ही प्रत अमुक यांच्यासाठी", एवढंच. स्वतःचं नाव असलेली फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना हात थबकतो. आणि तरीही फिरलीच, तर पहिल्या पानावर पुढचा अंक कुठे मिळतो ते ठळक असू द्या.

चहाटळ

आमच्या ग्रुपवर नाव छापलेलं असेल तर उलट अभिमानाने टाकतील. "सौजन्य: श्री. अमुक".

वकीलसाहेबा

कायद्याचं थोडं, कारण खरी भांडणं चोरांशी नाही, आपल्याच माणसांशी होतात.

सडेकर, स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोंचे हक्क तुमचे. 1957 चा कॉपीराइट कायदा. तुम्ही हयात असेपर्यंत, आणि त्यानंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं. पण पुढेमागे दुसऱ्यांचे फोटो घेणार असाल तर दोन कलमं पाठ करा. कलम 17: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. लग्नाचे फोटो काढणारे पुष्कळ जण ते आपलेच समजून अल्बम छापतात, त्यांनी हे जपून वाचावं. कलम 19: हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमच्या अंकाला न्यू जर्सीत वैनी वाचक आहेत. म्हणजे "जगभर, डिजिटल आणि छापील, अमुक वर्षांसाठी" हे कागदावर हवं. पत्नीच्या मजकुराचंही लिहून ठेवा. हसू नका.

प्रकाशनाच्या ओळख-क्रमांकाचं: चार अंकांचं नियतकालिक असेल तर आयएसएसएन, एकेक स्वतंत्र पुस्तक असेल तर आयएसबीएन. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि फुकट मिळतो. मधला कोणी हजारो रुपये मागत असेल तर त्याला नमस्कार करा. पीडीएफ, ईपब आणि छापील या प्रत्येकाला वेगळा क्रमांक लागतो.

शाईपेन

नियतकालिक म्हटलं की सरकारी नोंदणी लागत नाही का? पूर्वी आरएनआय, म्हणजे वृत्तपत्र निबंधकाचं कार्यालय, असायचं.

वकीलसाहेबा

वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा 1867 चा कायदा गेला. 1 मार्च 2024 पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा 2023 चा कायदा लागू आहे, आणि आरएनआयच्या जागी प्रेस रजिस्ट्रार जनरल आले. पण त्यातलं नियतकालिक म्हणजे छापलेलं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी असलेलं. दवबिंदूने किडा खाल्ला ही बातमी धरत नाहीत.

निवांत_नाना

थांबा. दवबिंदू किडे खातो?

सडेकर

नाना, खातो! पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, किडा बसला की अडकतो. सड्याच्या मातीत नायट्रोजन कमी, मग असं पोट भरायचं. सीतेची आसवं तर जमिनीखाली, पाण्यात, सूक्ष्म पिशव्यांनी जीव ओढून घेतात. वरती नाजूक जांभळं फूल, खाली सापळे.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद बायकोला वाचून दाखवतोय. लिहून ठेवायचा मुद्दा ऐकून ती म्हणाली, "वकीलबाईंचा नंबर घे."

जुन्या_बाजारातला

थोडं अवांतर, पण धाग्याशी नातं आहे.

जगातलं फोटोंचं पहिलं पुस्तक मानतात ते वनस्पतींचंच होतं. 1843 पासून ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी समुद्री शेवाळांचे सायनोटाइप, म्हणजे निळे छाप, काढून, मजकूरही त्याच निळ्या पद्धतीने हाताने लिहून, भागाभागाने वाटले. दहा वर्षं चाललं ते काम. कोणी प्रकाशक नाही, प्रती मोजक्या, घेणारे ओळखीचे. पाठोपाठ 1844 मध्ये टॅल्बटने व्यापारी पद्धतीने फोटोंच्या पुस्तकाचे भाग काढायला सुरुवात केली. स्वतः फोटोग्राफीचा एक जनक, तरी सहा भागांनंतर ते प्रकाशन थांबलं.

आणि आपली मुंबई! इथे 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले छायाचित्रकार. 1856 च्या सुमाराला जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतूनच हौशी छायाचित्रकारांच्या नावाने दरमहा अंक काढला. त्यात खरेखुरे प्रिंट चिकटवलेले असत. म्हणजे हप्त्याहप्त्याने फोटो विकायचा उद्योग या शहरात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी करून झालाय. सडेकरांचं 'ऋतूमागे एक' मला म्हणूनच आवडलं.

फ्रेमपंडित

इतिहास रंजक आहे, पण तेव्हा एआय नव्हतं. आज कोणीही "पावसातलं जांभळं फूल, स्वप्नाळू, धूसर" एवढं टाइप केलं की शंभर फोटो मिळतात. सर्जनशील, धूसर, अमूर्त हेच नेमकं यंत्राला सर्वात सोपं. उलट हुबेहूब फोटोला अजून किंमत आहे.

उलटी_लेन्स

हा मुद्दा मात्र मान्य. अर्धा. नुसतं धूसर जांभळं विकायला बसलात तर हरणार. पण यंत्राला सांगा दीपकाडी काढ म्हणून. ते काहीतरी लिलीसारखं काढून देईल. दीपकाडी कोकणच्या सड्यांवरची, जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर उगवणारी, पांढरी. तिच्या पाकळीची वळणं बघायला तिथे जावंच लागतं. म्हणून माझं मत, प्रत्येक कलात्मक फोटोसमोर त्याच झाडाचा एक साधा, स्वच्छ फोटो लहान आकारात द्या. आधी हे आहे, मग मला हे असं दिसलं. नानांचीही सोय होईल.

निवांत_नाना

नानांना ही कल्पना पसंत आहे.

पानगळ

मी घेईन अंक, पण मला एक हवं: नेमकी जागा. कुठला सडा, कुठल्या रस्त्याने, कुठल्या आठवड्यात. नकाशा दिलात तर 99 काय, 299 देईन. मला वाटतं बहुतेक जण त्यासाठीच देतील.

उलटी_लेन्स

कृपया नको.

पानगळ

का पण? पैसे देतोय ना?

सडेकर

पानगळ, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि धंदा म्हणून बघितलं तर उत्तर 'हो' असायला हवं, हेही कळतं. पण जागा देणार नाही.

कंदीलपुष्पं, म्हणजे खर्चुडीच्या जाती, यांतल्या काही अगदी मोजक्या ठिकाणी उरल्यात. त्यांचे कंद खणून खातात, गोळा करणारेही असतात. एका नकाशाने एका पावसात जागा संपू शकते. साताऱ्याजवळचं कासचं फुलांचं पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर गेलं. पुढे गर्दी आवरायला ऑनलाइन आरक्षण आणि दिवसाला माणसांची मर्यादा आणावी लागली. तिथे राखण करायला वनखातं आणि गावच्या समित्या आहेत. आमच्या सड्यांवर कोणी नाही. बरेचसे खासगी मालकीचे, उद्या चिऱ्याची खाण लागली तरी विचारणारं कोणी नसतं.

फोटोच्या फाइलमधला जीपीएसचा तपशीलही मी काढून टाकतो. महिना, पाऊस, मातीची खोली, शेजारची झाडं, हे सगळं देईन. त्यावरून तुम्ही तुमच्या गावाजवळचा सडा स्वतः शोधा. तसं कोणी शोधून कळवलं तर त्याचा फोटो पुढच्या अंकात घेऊ.

पानगळ

पूर्ण पटलं नाही. लोकांना माहीतच नसेल तर खाण लागताना ओरडणार कोण? सड्यांवर कोरलेल्या प्राचीन कातळशिल्पांचं बघा. जागा लोकांना कळल्या, बातम्या झाल्या, म्हणून तर 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लपवून ठेवून काही वाचत नाही.

जुन्या_बाजारातला

पानगळ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती कोणी खिशात घालून नेऊ शकत नाही. कंद नेता येतो.

शाईपेन

कातळशिल्पं निघालीच आहेत तर, वरून ड्रोनने काढलेली त्यांची चित्रं अंकात छान दिसतील ना?

वकीलसाहेबा

ड्रोन नियम 2021. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण निषिद्ध क्षेत्र सगळ्यांनाच निषिद्ध. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, तेव्हा उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघाच.

चहाटळ

धाग्याचा प्रवास: वीजबिल, हललेले फोटो, जीएसटी, किडे, तटरक्षक दल. पुढचा थांबा?

एडिसनची_वैनी

पुढचा थांबा म्हणजे अंक! कधी येतोय?

सडेकर

येतो, येतो. इतक्या वाचनानंतर बेत बराच बदललाय.

चार अंकांची वर्गणी आत्ता घेणार नाही. घेतलेल्या पैशांचं दडपण आलं तर मी सड्यावर जाऊन दिवसभर नुसता बसून राहू शकणार नाही, आणि माझं निम्मं काम तेच आहे. त्याऐवजी एकच स्वतंत्र पुस्तिका, जूनच्या दीपकाडीपासून सप्टेंबरच्या तेरड्यापर्यंत. फोनच्या आकाराची उभी पानं. डावीकडे, म्हणजे आधीच्या पानावर, नानांसाठी साधा फोटो. बायकोचा मजकूर आता मुख्य, तिचं नाव आधी. शेवटी 'फोटो कसा काढला'ची पानं. किंमत 149, परदेशात 6 डॉलर. विक्री स्वतःच्या पानावरून, आणि बुकगंगावर घेतील का ते विचारणार आहे. किंडल नाही. काही पानं फुकट, हवी तेवढी फॉरवर्ड करा.

फ्रेमपंडित, कार्यशाळा सड्यावर नाही, पण उलट्या लेन्सची घरबसल्या ऑनलाइन घेता येईल असं वाटतंय. त्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आता एकच अडलंय. फुकट पानं किती आणि कुठली? सगळ्यात चांगले फोटो तिथेच देऊन टाकले तर आत काय उरलं, आणि नाही दिले तर घेणार कोण?

फ्रेमपंडित

व्यनिची वाट बघतो. फुकट पानांत सर्वात चांगला फोटो द्याच, पण त्याचं 'कसा काढला'चं पान आत ठेवा.

उलटी_लेन्स

पंडितांशी सहमत, चक्क! एक झाड मात्र पूर्ण द्या: साधा फोटो, कलात्मक फोटो, मजकूर, कृती, सगळं. म्हणजे पैसे कशाचे आहेत ते कळतं. दवबिंदू द्या. किडे खाणारं झाड आहे, लोक थांबून वाचतील. नाना थांबले की.

निवांत_नाना

थांबलो, कबूल. छापील प्रत निघाली तर मला एक ठेवा, फोनवर मला दिसत नाही. आणि हललेला फोटो मुखपृष्ठावर नको.

हिशेबनीस

नानांसाठी मागणीनुसार छपाईच्या मोजक्या प्रती काढाच. छापील आवृत्ती आली की ई-पुस्तक 5 टक्क्यांच्या रांगेत येईल. 20 लाखांपर्यंत पोहोचलात तर उपयोग होईल :)

सडेकर

20 लाख! बायकोला हे वाचून दाखवलं नाही.

खिळे_जुळारी, फोटो कुठल्या आकारात घालू? सध्या एकेक फाइल 12 एमबीची आहे.

खिळे_जुळारी

लांब बाजू 1800 ते 2000 पिक्सेल, रंग एसआरजीबीत बदलून, जेपेग 80 च्या आसपास. अडोबी आरजीबीत ठेवलेत तर पुष्कळ फोनवर हिरवे मरगळलेले दिसतील. धूसर फोटो दाबले की आकाशात पट्टे पडतात, त्यांना थोडा ग्रेन द्या. पूर्ण फाइल 25 एमबीच्या खाली आणा, गावाकडे नेट कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि आधी एका स्वस्तातल्या फोनवर, उन्हात उभं राहून बघा. तिथे वाचता आलं तर कुठेही वाचता येईल.